दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: रांग चुकली, ड्रिल नाही

नमस्कार. तुम्ही लिहिलंत की फुटबॉलच्या आक्रमणाच्या सरावात मुलगा निम्मा वेळ रांगेत उभा होता, दिवसभरात त्याचा एकच शॉट झाला, त्याचा एक गोल उगाच नाकारला आणि कोच नुसता बघत होता.

रांगेचं खरं आहे. त्या दिवशी दुसरा कोच आला नाही आणि गोलकीपर सोडून १४ मुलं एकाच गोलवर घेतली गेली. मी नंतर हिशोब मांडला. तिघे आक्रमणाला, दोघे बचावाला, बॉल परत आणण्यासकट एका फेरीला अर्धा मिनिट. २० मिनिटांत ४० फेऱ्या, म्हणजे बॉल घेऊन सुरुवात करायची पाळी प्रत्येकाला जेमतेम तीनदा. बाकी वेळ पोरं बुटाने माती उकरणार नाहीतर एकमेकांच्या खोड्या काढणार. दोन प्लास्टिकचे शंकू ठेवून दुसरा छोटा गोल लावता आला असता. आमच्या कोणाला सुचलं नाही, माझ्यासकट.

शॉटचं मात्र पटलं नाही. तीन विरुद्ध दोनमध्ये शिकायचं असतं ते पास कधी द्यायचा. बॉलवाल्याने थेट डिफेंडरच्या अंगावर जायचं आणि त्याने पाय घातला की पास. घाईने दिला तर डिफेंडर आरामात सरकतो आणि आपला एक गडी जास्त असून उपयोग होत नाही. तुम्ही बिबचा (सरावात शर्टावर घालतात त्या जॅकेटचा) नंबर लिहिला होता म्हणून कोचला विचारलं. पहिल्या दोन पाळ्यांत तुमच्या मुलाने लांबूनच बॉल देऊन टाकला. तिसऱ्यांदा डिफेंडर हातभर अंतरावर येईपर्यंत बॉल पायाशी ठेवला, मग डावीकडे सरकवला, आणि तिथल्या मुलाला समोर फक्त कीपर उरला. तुमच्या मोजणीत हा शॉट नाही. कोचच्या वहीत ही त्या दिवसाची सगळ्यात चांगली चाल आहे.

नाकारलेला गोल ऑफसाइड होता. पास सुटला तेव्हा तुमचा मुलगा बॉलच्याही पुढे होता आणि दोन्ही डिफेंडरच्याही. पास सुटतो तो क्षण धरतात, मिळतो तो नाही. बाहेरून बघताना हे हमखास चुकतं, माझंही चुकतं.

आणि कोच गप्प असतो, कारण फेरी चालू असताना ‘पास दे, पास दे’ ओरडलं की निर्णय कोचचा होतो. तो दर चार-पाच फेऱ्यांनी थांबवून एवढंच विचारतो, ‘डिफेंडर कुठे होता?’ (त्या दिवशी कडेने ‘मार, मार’ ऐकू येत होतं. कोण होतं ते मी विचारत नाही.) पण हे पालकांना आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

पुढच्या सरावापासून दोन गोल, सात-सात मुलं: पाच खेळतील, दोघे थांबतील. सुरुवातीला कोच पालकांना पाच मिनिटं ड्रिल समजावून सांगेल. स्टार बदला असं म्हणत नाही. पुन्हा तशी रांग दिसली तर मला तिथेच हाक मारा.