कलेचा इतिहास विदर्भात राहून शिकताना

ग्रामीण विदर्भातील विद्यार्थ्याने कलेच्या इतिहासाचा अभ्यास कोठून आणि कसा सुरू करावा, याविषयी माझे एक ठाम मत आहे आणि ते आज सविस्तर मांडते. मी तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देऊन पुढे कला महाविद्यालयाची स्वप्ने पाहणारी शेतकऱ्यांची मुले माझ्याकडे येतात. त्यांच्या हातातील नोट्समध्ये हा सारा इतिहास एखाद्या चढत्या जिन्यासारखा मांडलेला असतो. सर्वांत खाली गुहेतला अडाणी माणूस, मग इजिप्त, ग्रीस, रोम, मध्ये अजिंठ्याचे एक पान, त्यावर युरोपातील प्रबोधनकाळ आणि अगदी वर पिकासो. माझा आक्षेप कालक्रमाला नाही. आधी काय घडले आणि नंतर काय, हे पक्के ठाऊक असल्याशिवाय अभ्यास उभाच राहत नाही. जे नंतरचे ते अधिक चांगले, ही त्या क्रमात गुपचूप शिरलेली समजूत मात्र मला मान्य नाही.

या समजुतीने मोठमोठ्या विद्वानांनाही चकवले आहे. १८७९ मध्ये उत्तर स्पेनमधील आल्तामिरा गुहेच्या छतावर रंगवलेले बायसन मार्सेलिनो सांझ दे साउतुओला यांना आणि त्यांच्या लहान मुलीला दिसले. ही चित्रे अतिप्राचीन आहेत असे त्यांनी प्रसिद्ध करताच तज्ज्ञांनी त्यांना खोटे ठरवले, कारण इतके सफाईदार चित्र आदिमानवाच्या हातून होणे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. विरोधकांपैकी एमिल कार्तैयाक यांनी १९०२ मध्ये जाहीरपणे आपली चूक कबूल केली. साउतुओला १८८८ मध्येच वारले होते. पुढे १९९४ मध्ये फ्रान्समध्ये शोवे गुहा सापडली. तिथली अनेक चित्रे तीस हजार वर्षांहून जुनी, म्हणजे फ्रान्समधल्याच लास्को गुहेतील प्रसिद्ध चित्रांपेक्षा कितीतरी आधीची, आणि तरीही त्यांतील सिंहांच्या आणि घोड्यांच्या तोंडावळ्यावर कोळसा बोटाने पसरून दिलेली छाया आजच्या विद्यार्थ्यालाही सहज जमणार नाही.

ज्या वर्षी आल्तामिराची चित्रे दिसली, त्याच १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याचा मध्य भारतातील प्रागैतिहासिक अवशेषांवरील लेख प्रसिद्ध झाला. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर असलेल्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांचा, म्हणजे मृतांसाठी गोलाकार मांडलेल्या दगडांचा, अभ्यास तेव्हापासून सुरू आहे. तिथे सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. माहुरझरीच्या अशाच वर्तुळांत घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले, आणि पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी उत्खननात सापडली. हे सारे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले. या वर्तुळांवर मूर्ती नाही, चित्र नाही, म्हणून कलेच्या नोट्समध्ये त्यांना जागा मिळत नाही. पण मृतासाठी मोठमोठे दगड निवडून, ओढून आणून, इतक्या नेटक्या गोलाईत मांडणाऱ्या माणसांना आकाराची जाण नव्हती असे कोण म्हणेल? सातपुड्यात अमरावती जिल्ह्याच्या सीमेला लागून, बैतुल जिल्ह्यातील धारूळ परिसरात, चित्रे असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकांचे नैसर्गिक आडोसे, २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींनीच उजेडात आणले. मोर्शी-वरुडच्या मुलाला भीमबेटकापेक्षा ते जवळ आहेत.

अजिंठ्याबाबत तर मला अधिक तळमळीने सांगायचे आहे. अजिंठ्यातील नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची लेणी जुन्या, इसवी सनापूर्वी सुरू झालेल्या टप्प्यातील आहेत. मात्र ज्या चित्रांमुळे अजिंठा जगाला माहीत आहे, ती बहुतेक पाचव्या शतकातील, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या काळातली. सोळाव्या लेण्यातील शिलालेख हे लेणे वराहदेवाने करविल्याचे सांगतो. तो हरिषेण राजाचा मंत्री होता आणि हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा वाकाटक राजा. वत्सगुल्म म्हणजे आपले आजचे वाशीम. वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्याला अजिंठा परका वाटतो, त्याचे कारण ही एक ओळ त्याला कोणी सांगत नाही.

आणि भिंत कशी तयार केली, हे तर त्याहून कमी सांगितले जाते. अजिंठ्याच्या खडबडीत कातळावर मातीचा लेप दिला आहे. त्या मातीत धानाचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू मिसळले आहेत, म्हणजे लेप धरून राहतो आणि तडकत नाही. त्यावर पातळ पांढरा थर आणि तो वाळल्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात ज्या घरी अजून मातीच्या भिंती छाबल्या जातात, तिथल्या मुलीला हे तंत्र एकदा सांगितले की पुरते. आता यासमोर इटलीतील पादुआच्या प्रार्थनागृहात जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास केलेले काम ठेवावे. तिथे चुन्याचा ओला गिलावा दिवसभरात रंगवून होईल तेवढाच लावत, कारण चुना वाळताना रंग स्वतःत पक्का धरून ठेवतो. त्यामुळे भिंतीवर एकेका दिवसाच्या कामाचे सांधे आजही ओळखता येतात. निळा रंग मात्र त्या ओल्या चुन्यात टिकत नसे, तो कोरड्यावर द्यावा लागे, आणि म्हणून अनेक ठिकाणी नेमका निळाच झडलेला दिसतो. अजिंठ्यात निळ्यासाठी बाहेरदेशातून आलेला लाजवर्द हा निळा दगड वापरला आहे, यावरून व्यापाराचे रस्ते कळतात. दोन भिंतींतील कोणती श्रेष्ठ, हा प्रश्नच इथे गळून पडतो. दोन्हीकडच्या चित्रकारांना कोणत्या अडचणी होत्या आणि त्यांनी त्या कशा सोडवल्या, हे विद्यार्थी पाहू लागतो. कलेच्या इतिहासाचा अभ्यास मी यालाच म्हणते.

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंड्याच्या वैनगंगेकाठच्या देवळांना आपण कौतुकाने ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतो. मला ते नाव पटत नाही. दुसऱ्याच्या नावाने ओळख करून दिली की पाहणारा तिथे खजुराहोच शोधतो आणि मार्कंडा पाहायचा राहून जातो.

आधुनिक कलेचा भाग आला की आमची मुले अगदीच बिचकतात. ती मुंबई-पॅरिसची गोष्ट, आपली नव्हे, असे त्यांना वाटते. त्यांना मी हरी अंबादास गाडे यांच्याविषयी सांगते. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा आणि बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणारे हे चित्रकार १९१७ मध्ये अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरला जन्मले आणि ते विज्ञानाचे पदवीधर होते. रझांचे सुरुवातीचे कलाशिक्षण नागपूरला झाले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचाच. पिकासोने १९०७ मध्ये आफ्रिकी मुखवटे पाहून आपल्या चित्रातील चेहरे बदलले, हे पाठ करणाऱ्या मुलांना जनगडसिंह श्याम या गोंड चित्रकाराचे नावही ठाऊक नसते. मंडला भागातील पाटणगडच्या या तरुणाला भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी काम करणाऱ्या चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्यामुळे वाव मिळाला आणि १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड विद्यार्थ्याने पुस्तकात स्वतःला केवळ ‘आदिवासी कला’ या शेवटच्या परिच्छेदात पाहावे, हे मला फार लागते. जनगडचे नाव गायतोंड्यांच्या बरोबरीने, त्याच प्रकरणात यायला हवे.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप घेतला जाईल की परीक्षेत जोत्तो विचारतात, जुनापाणी नव्हे. तो खरा आहे, आणि मी जोत्तो वगळा असे मुळीच म्हणत नाही. उलट तो अधिक नीट शिकवा असेच म्हणते. स्वतःच्या हाताने एखादी मूर्ती मापून, तिचे रेखाटन करून, तिचा दगड कोणता आणि पैसा कोणाचा हे शोधून काढलेल्या विद्यार्थ्याला पादुआची भिंत छापील चित्रावरूनही पुष्कळ कळते.

म्हणून शाळांना माझी विनंती आहे की यंदाची एक सहल एसटीने रामटेक आणि मनसरला न्यावी. रामटेकच्या गडावर वाकाटककालीन केवल नरसिंहाची लाल वालुकाश्मातील भव्य मूर्ती आहे, आणि तिथला शिलालेख वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी निगडित आहे. मनसर तिथून अगदी जवळ. टेकडीवरचे विटांचे बांधकाम मुलांना चालत फिरून पाहता येते. मनसरला मिळालेली शिवाची सुंदर मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असल्याने तिचे मोठे छायाचित्र सोबत न्यावे आणि ते टेकडीवरच दाखवावे. नागपूरचे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, परतीच्या वाटेवर ठेवावे, आधी नव्हे. मूर्ती ज्या मातीतून आली ती टेकडी पाहिलेला मुलगा काचेमागच्या मूर्तीसमोर अधिक वेळ थांबतो, हा माझा अनुभव आहे.