अडगावची लढाई पडद्यावर का येत नाही?

ऐतिहासिक युद्धपटांवर माझा राग आहे तो एकाच कारणासाठी. लढाई सत्तेची होती, मुलखाची होती, महसुलाची होती, हे सगळं बाजूला सारून ती दोन धर्मांची होती एवढंच ते सांगतात. शत्रूच्या डोळ्यांत सुरमा, पुढ्यात मांसाचं ताट, महालात कायम अंधार. आपल्याकडे आरत्या आणि लख्ख उजेड. तीन तासांत डोक्यात जे भरायचं ते भरून होतं.

मागे तालुक्याच्या टॉकीजमधून आलेली पोट्टी पारावर बसली होती. एक जण जोरात म्हणे, "कसं कापलं ना बे त्याईले!" समोरच्या दुकानात शिलाई मशीनवर बसलेल्या चाचांनी मान वर केली नाही. याच पोट्ट्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवलेत. सतराव्या शतकातल्या बादशहाचा हिशेब या माणसाकडे मागायचा? मला हे साफ नामंजूर आहे.

खरा इतिहास काय सांगतो? १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊंचा तोफखाना सांभाळत होता इब्राहिमखान गारदी. तो शेवटपर्यंत लढला, अब्दालीच्या हाती सापडला आणि मारला गेला. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजींच्या समोर उभा होता उदयभान राठोड, मोगलांच्या चाकरीतला रजपूत. पुरंदरला महाराजांना तह करायला लावणारे मिर्झाराजे जयसिंगही रजपूतच.

आणि आपल्या वऱ्हाडाचं काय? आमच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातलं अडगाव घ्या. २९ नोव्हेंबर १८०३ ला इथल्या शिवारात नागपूरकर भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्याशी लढली आणि हरली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली. त्याच्या फौजेत मद्रासकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येनं होते. पंधरवड्यानं, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. हा किल्ला बहमनी सुलतानानं बांधला, ताबा भोसल्यांचा, आणि तो लढवताना मेला किल्लेदार बेनीसिंग, रजपूत. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. कटक कंपनीकडे गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख कंपनीचा दोस्त असलेल्या निजामाकडे. आपल्या वऱ्हाडाची फाळणी कशी झाली ते इथं कळतं. सांगा, यात कोणता धर्म कोणाविरुद्ध लढला?

अशी गोष्ट कोणी पडद्यावर आणत नाही, कारण तिच्यावर आजच्या निवडणुकीची टाळी मिळत नाही. 'सिनेमा आहे, मनोरंजन म्हणून पाहा' असं सांगणारे मित्र आहेत माझे. मग सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' कशाला लिहिता? आणि शाळेच्या पोरांना फुकट तिकिटं वाटून, मागे गाणी लावून मिरवणुकीनं सिनेमाला का नेलं जातं? नेणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं तो काय पेरतोय ते.

शौर्य दाखवू नका असं मी कधीच म्हणणार नाही. तानाजींचं नाव निघालं की माझीही छाती भरून येते. पण १८०३-०४ म्हणजे दख्खनेतल्या दुष्काळाचा काळ. त्यात दोन्ही फौजांचे घोडे, बैल, हत्ती ज्याच्या वावरात चरले, तो कुणबी एकाही युद्धपटात मला दिसला नाही. त्याच्याकडून महसूल नेणारा राजा दिसतो, त्या राजासाठी मरणारा सरदार दिसतो, तो स्वतः कुठंच नाही.

कोणी दिग्दर्शक वाचत असेल तर एकदा चिखलदऱ्याला या आणि गाविलगड पाहा. बेनीसिंगाला नायक करा. फक्त समोरून चढणाऱ्या फौजेतले देशी शिपाई कापू नका आणि अडगावच्या शिवारात पीक कोणाचं तुडवलं गेलं, तेही दाखवा.