मराठी ताटाशी व्हाइट वाइनचं वैर नाही

‘आपल्या मसालेदार जेवणापुढे व्हाइट वाइन म्हणजे नुसतं पाणी’ हा दावा व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. पुष्टीला चार कारणं जोडलेली असतात: मसाला वाइनची चव मारतो, व्हाइट फक्त माशांबरोबर घ्यायची, ती बर्फगारच प्यावी लागते म्हणजे तिला स्वतःची चव नाही, आणि ती जुनी नसते म्हणून हलकी. यातल्या पहिल्या कारणात थोडं तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेतो.

मसालेदार आणि तिखट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धणे, जिरे, ओलं खोबरं, कोथिंबीर, चिंच, गूळ यांचं वाइनशी काही वाकडं नाही. अडचण मिरचीची आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवतं, तेच संवेदक अल्कोहोलमुळे आणखी हळवे होतात. म्हणून तांबड्या रश्श्यावर तेरा-चौदा टक्के अल्कोहोलची कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन घेतली की जाळ वाढतो. ती जोडी मी कुणालाच सुचवणार नाही. पण मग हा आक्षेप द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिनने तुरट झालेल्या जड रेड वाइनला जास्त लागू होतो, व्हाइटला कमी. कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) मध्यम तिखट छान सोसते, कारण गोडवा जळजळ दाबतो. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं आणि तळणीचा तेलकटपणा कापला जातो. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो ते याचसाठी.

अळूवडीबरोबर अशी शेनिन घेऊन पाहा. चिंच-गुळाचं सारण आणि वाइनमधला आंबटगोडपणा एकमेकांना धरून राहतात. कोथिंबीर वडीला मात्र सॉव्हिन्यो ब्लाँ या दुसऱ्या द्राक्षाची व्हाइट हवी. तिच्यात ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास असतो, तो मेथॉक्सिपायराझिन नावाच्या संयुगांचा, आणि तीच संयुगं खऱ्या ढोबळ्या मिरचीतही असतात. हिरव्याला हिरवं जुळतं. पुरणपोळी वगळा, कारण वाइन पदार्थापेक्षा कमी गोड असली की ती नुसती आंबट लागते.

‘फक्त माशांबरोबर’ हा नियम अर्धाच खरा आहे. रेडबरोबर मासे कधीकधी उग्र, वशाट लागतात. जपानमधल्या मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी २००९ मध्ये शिंपल्यांसोबत बऱ्याच वाइन चाखून याचं कारण दाखवलं: वाइनमधलं लोह. ते व्हाइटमध्ये सहसा कमी असतं, म्हणून मासे तिला मानवतात. पण त्यावरून ती दुसऱ्या कशालाच चालत नाही, असं कसं ठरतं? फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात सांसेरची सॉव्हिन्यो ब्लाँ तिथल्याच शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर पितात. आपल्याकडे पनीर टिक्का, पांढरा रस्सा, साबुदाणा वडा हे सगळे तिच्या हद्दीत येतात.

बर्फगार पिण्याची सवय मात्र खरोखर नुकसान करते. फ्रिजमधल्या चार अंशांना वास दबून जातो, आणि वास दबला की चवीचा मोठा भाग गेला. मग ‘पाणीच आहे’ असं वाटणारच. ताज्या व्हाइटला आठ ते दहा अंश पुरतात. बाटली पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवून आधी वास घ्या, मग घोट तोंडात घोळवा. पेरू, लिंबाची साल, हिरवं गवत, जे जाणवेल ते. उन्हाळ्यात वाइन लवकर तापते, तेव्हा बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घालून बाटली त्यात ठेवा. ग्लासात बर्फ टाकू नका, वाइन पातळ होते.

राहिला जुनेपणा. जुनी म्हणजे चांगली हे मोजक्या वाइनना लागू आहे. लुआरमधल्याच व्हूव्रेची शेनिन किंवा जर्मनीची रीझलिंग अनेक दशकं टिकते. नाशिकची रोजची सॉव्हिन्यो ब्लाँ त्यासाठी केलेलीच नसते. इथे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि बाटली बहुधा त्याच वर्षी दुकानात येते. तिचा ताजा फळांचा वास वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. म्हणून लेबलवरचं साल पाहून सगळ्यात नवी बाटली मागा, आणि काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली घेऊ नका, कितीही सवलत असली तरी.