'24 तासांत गोळी घाला' या मेसेजला उत्तर

परत तोच मेसेज फिरतोय. "बलात्काऱ्याला 24 तासांत गोळी घाला, हैदराबादने करून दाखवलं, कोर्ट-वकील-जामीन हे लाड बंद करा, एकदा दहशत बसली की कुणाची हिंमत होणार नाही." राग कळतो, मलाही येतो, पण जिच्यावर बलात्कार झाला त्या मुलीच्या उपयोगाचं यात एकही वाक्य नाहीये.

आधी हैदराबाद. 6 डिसेंबर 2019 ला पहाटे पोलिसांनी एका तरुणीच्या बलात्कार आणि खुनाच्या केसमधल्या चार आरोपींना मारलं, लोकांनी फुलं उधळली. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा 2022 चा अहवाल मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आरोपींनी हत्यारं हिसकावली ही पोलिसांची गोष्ट आयोगाला पटली नाही, गोळ्या जीव घ्यायलाच झाडल्या असं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते असंही. खटलाच चालला नाही म्हणजे गुन्हा नक्की कुणी केला हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. आणि ती तरुणी बेपत्ता झाली त्या रात्री घरचे पोलिसांकडे धावले तर "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून त्यांना इकडून तिकडे फिरवलं, त्यावरून तीन पोलीस सस्पेंडही झाले होते. एन्काउंटर झालं आणि हद्दीचा विषयच संपला.

त्याच 6 तारखेच्या रात्री दिल्लीच्या हॉस्पिटलमध्ये उन्नावची एक तरुणी भाजल्यामुळे वारली. आदल्या दिवशी पहाटे ती स्वतःच्या बलात्काराच्या केसच्या तारखेला निघाली होती, वाटेत तिला पेटवलं, पकडलेल्या पाचांत त्याच केसमधला जामिनावर सुटलेला आरोपी होता. तिचा एफआयआरसुद्धा कोर्टाने आदेश दिल्यावर नोंदवला गेला होता. साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने देशभर लागू केली ती 5 डिसेंबर 2018 ला, म्हणजे तिला पेटवलं त्याच्या बरोबर एक वर्ष आधी. तिला रेल्वे स्टेशनपर्यंत सोडायला एक पोलीस सोबत द्यायला हवा होता, बस.

मग जामीनच बंद करा? अहो, आरोपी धमकावत असेल तर जामीन आजही रद्द होतो, पण त्या धमकीची तक्रार कुणीतरी लिहून घ्यावी लागते ना.

आता दहशत. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, आकडे दरवर्षी सांगतात की 90 टक्क्यांहून जास्त केसमध्ये आरोपी ओळखीतला असतो, नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन देणारा. दहा वर्षांच्या पोरीने काकाचं नाव घेतलं आणि काकाला थेट फाशी होणार असेल तर घरातलेच तिला गप्प बसवतील, आजी रडेल, "घर मोडू नको" म्हणतील. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने 2013 मध्ये बलात्काराला फाशी नको म्हटलं ते काय आरोपीच्या प्रेमापोटी नाही.

"कोर्टात वर्षं जातात" हे मात्र शंभर टक्के खरं आहे. आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात फॉरेन्सिक रिपोर्ट रखडतो, तारखा पडतात, तोवर मुलीचं लग्न झालेलं असतं आणि सासरहून साक्षीला येणं तिला जमत नाही, साक्षीदार फुटतात. 2022 मध्ये निकाल लागलेल्या बलात्काराच्या केसेसमध्ये शिक्षा झाली फक्त 27-28 टक्क्यांत. या लॅब, सरकारी वकील आणि जजच्या रिकाम्या जागांवर मेसेज का फिरत नाहीत?

त्यामुळे फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा. एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो, हद्द कुठलीही असो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. पोलिसाने नोंदवायला नकार दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली त्यालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. आणि सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलला पीडितेवर ताबडतोब फुकट उपचार करावेच लागतात, "आधी पोलिसांत जाऊन या" असं सांगता येत नाही.