अंतरपाट पांढराफेक आलाय, त्याबद्दल

ताई नमस्कार, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की मंगलाष्टकांच्या फोटोंत आजोबांच्या उपरण्याचा अंतरपाट नुसता पांढराफेक दिसतोय, बाकीचे बरेच फोटो काळपट आलेत आणि एडिटिंगमध्ये सगळं नीट होतं म्हणालात मग झालं का नाही. स्टुडिओ माझा आहे म्हणून मीच लिहितोय.

अंतरपाटाची चूक आमचीच. मुहूर्त 12:35 चा, ऊन थेट कापडावर, माझा कॅमेरा रॉवर होता (सेन्सरने टिपलेलं सगळं साठवणारी फाइल) पण बाजूने काढणाऱ्या आमच्या मुलाचा जेपेगवर (कॅमेऱ्यानेच आटोपशीर करून दिलेला तयार फोटो) राहिला आणि त्याने एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, सावलीतल्या चेहऱ्यांवर धरलं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या, वरची गाठली की पांढरं, त्यापुढचं काही साठवलंच जात नाही. 14 बिट रॉमध्ये 16384 असतात आणि स्क्रीनवर पांढरं दिसलं तरी लाल, हिरवा, निळा यातल्या एखाद्या चॅनलमध्ये पोत शिल्लक असतो, हायलाइट्स (फोटोतले सर्वांत उजळ भाग) खाली ओढले की तो परत येतो. काल रात्री त्याचे 9 फोटो परत उघडले, हायलाइट्स मायनस 100, एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा), तर कुंकवाचं स्वस्तिक गडद झालं आणि कापड पांढऱ्याचं राखाडी झालं, वीण काही दिसली नाही. एआयने वीण भरता येते पण ते आजोबांचं उपरणं राहणार नाही, ते मी करणार नाही.

काळपट फोटोंचं वेगळं आहे. ते मी मुद्दाम पाऊण स्टॉप अंडर, म्हणजे उजेड कमी घेऊन, काढलेत, कारण पिवळ्या अष्टपुत्रीत लाल आणि हिरवा दोन्ही चॅनल भरलेले असतात, उन्हात फोटोमध्ये साडी आधी जळते, म्हणजे नुसती भगभगीत होते, आणि जरीचं काम सपाट दिसतं. अंडर काढून नंतर चेहरे उचलायचे, म्हणजे उजळ करायचे असतात. तुम्हाला दिलेल्या सेटमध्ये आम्ही पूर्ण सेटला एकच प्रीसेट (तयार सेटिंग) लावला, चेहरे हाताने उचललेच नाहीत, ते चुकलं. आता एकेका चेहऱ्यावर मास्क घेऊन (तेवढाच भाग निवडून) उचलतोय, फार नाही कारण जास्त ओढलं की केसांत दाणे दिसायला लागतात. शनिवारपर्यंत पूर्ण सेट नवीन देतो, रॉ फाइल्सपण पेनड्राइव्हवर देतो आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचे पैसे परत करतो. फोटो व्हॉट्सॲपवर बघू नका प्लीज, तिथे कॉम्प्रेस होतात.

आणि ताई, माझ्या कॅमेऱ्यात अंतरपाटाच्या 4 फ्रेम रॉमध्ये सापडल्यात. हायलाइट्स खाली घेतल्यावर घडीच्या रेषा आल्या, काठ आला, खालच्या कोपऱ्यात रफू केलंय ना, त्याचे टाकेसुद्धा दिसतायत. अल्बम अजून प्रिंटला दिलेला नाही, पहिल्या पानावर यातलाच एक घेऊ का तेवढं कळवा.