पुढची तारीख स्टेटसला ठेवा

सीमाभागात राहायचं तर आशा पाहिजे, हे तुम्हाला कुणी वेगळं सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून महाराष्ट्रात जायची ही आशा आपल्या घराघरात आहे. आजोबांनी बाळगली, वडिलांनी बाळगली, आता तुमची पाळी. त्यांना त्यापायी लाठ्या खाव्या लागल्या, हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन बसावं लागलं. तुमच्या हातात फोन आहे. तेव्हा घाम न गाळता, शक्यतो पलंगावरून न उठता ही आशा जिवंत कशी ठेवायची, याच्या चार गोष्टी सांगतो. चाराच्या जास्त झाल्या तर सांभाळून घ्या. आपल्याकडे हद्दीचं कुठलंच काम ठरल्या मापात बसलेलं नाही.

सकाळी तोंड धुवायच्या आधी गल्लीचा ग्रुप उघडा. तिथे एक मेसेज आलेला असेलच: ‘सुप्रीम कोर्टात उद्या अंतिम सुनावणी. प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा.’ हा मेसेज कधीचा आहे ते बघत बसू नका. त्यावर साल नसतं, हीच तर त्याची सोय. महाराष्ट्र सरकारनं दावा लावला २००४ साली. त्या वर्षी जन्मलेल्या पोराला आता स्थळं बघताहेत, पण मेसेजमधली सुनावणी नेहमी उद्याच. प्रत्येक ग्रुपवर एक शहाणा असतो, तो विचारतो, ‘कुठल्या बातमीत आलंय?’ त्याला उत्तर देऊ नका. भगवा झेंडा, दोन जोडलेले हात आणि एक मूठ एवढं टाकलं की तो आपोआप गद्दार ठरतो. मग मेसेज पुढं पाठवा. फक्त ऑफिसच्या ग्रुपवर नको, तिथं निम्मे लोक कन्नड आहेत. तिथं त्याच अंगठ्यानं गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ.

आता १ नोव्हेंबर. पूर्वी या दिवशी दुकानं बंद ठेवायची, दंडाला काळी फीत बांधायची आणि संभाजी उद्यानापासून निघणाऱ्या फेरीत सायकल हाणत शहर पालथं घालायचं. फेरी अजून निघते, जाणारे अजून जातात, त्यांना जाऊ द्या. तुम्ही रात्री बाराच्या ठोक्याला डीपी काळा करा. त्याच दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, चन्नम्मा चौकात डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्या आवाजाला शिव्या घालत घालत गच्चीवरून व्हिडिओ काढा. तुमच्या काळ्या डीपीपेक्षा त्यालाच जास्त लोक बघतील. दोन तारखेला डीपी आठवणीनं पूर्ववत करा, नाहीतर पुण्याच्या मावसभावाचा फोन येतो: “अरे, कोण गेलं?”

१७ जानेवारीला मात्र उठावं लागेल. १९५६ च्या जानेवारीत गोळीबारात माणसं गेली, तो दिवस. हुतात्मा चौकात सकाळी गर्दी असते. पुष्पचक्र वाहताना फोटो असा काढून घ्या की तुमचा चेहरा स्वच्छ येईल. मागची नावं फोटोत आली नाहीत तरी चालतं, ती बरीच वर्षं तिथंच आहेत.

आपण कुठं राहतो हे जगाला कळलं पाहिजे, हा आग्रह योग्यच आहे, फक्त जागा चुकता कामा नये. येळ्ळूरकरांनी ‘महाराष्ट्र राज्य’ असा दगडविटांचा फलक वेशीवर उभा केला होता. २०१४ च्या जुलैत तो प्रशासनानं पाडला, लोकांनी परत बांधला, परत पाडला, आणि वर पोलिसांच्या काठ्या. एवढा खर्च कशाला? इन्स्टाग्रामच्या बायोत ‘बेळगाव, महाराष्ट्र’ लिहा. बायोवर जेसीबी चढत नाही. दुकानाची पाटी मात्र कायद्याप्रमाणं ठेवा, २०२४ पासून तिच्यावर साठ टक्के कन्नड पाहिजे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी घालायला गेलात तर बघाल, तिथं इंग्रजी आधीच मांडी घालून बसलेली आहे, आणि तिला उठवायला आंदोलन करायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

फारच उदास वाटलं तर वेंगुर्ला रोडनं गाडी काढा. पेट्रोल अलीकडंच भरा, कर्नाटकात स्वस्त आहे, आणि अस्मितेला टाकीची अडचण नसते. बाची ओलांडून शिनोळीत शिरलात की पूर्वी खिशातला फोन वाजायचा. कंपनी म्हणायची, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. आयोग झाले, ठराव झाले, मोर्चे झाले, आणि जे काम कुणाला जमलं नाही ते एका सिमकार्डानं बसल्या जागी करून दाखवलं. चहा प्या आणि परत फिरा. पुढं जाऊ नका. पुढं कोल्हापूर लागतं, मग पुणं, आणि पुण्यात कुणीतरी तुमची दोन वाक्यं ऐकून प्रेमानं विचारतं, “तुमच्या मराठीला जरा कानडी हेल आहे ना?” त्यावर चिडू नये. बेंगळुरात घरमालक विचारतो, “तुम्ही महाराष्ट्राकडचे काय?” एकूण काय, आपण कुठले याबद्दल दोन्हीकडच्या लोकांचं एकमत आहे: पलीकडचे.

आता पैशाचं. हा भाग नाजूक आहे, म्हणून मी तो एका मावशींकडून शिकलो. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला निघालेल्या होत्या, उचगावकडून येणाऱ्या बसमध्ये. बस अर्थातच कर्नाटकाची. कंडक्टर म्हणाला, “अक्का, आधार तोरस्री.” मावशींनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लॅस्टिकचं पाकीट, त्यातून आधार कार्ड. महिलांना फुकट प्रवास हवा तर पत्ता कर्नाटकातला दिसावा लागतो. मावशींनी कार्ड असं धरलं की पत्ता कंडक्टरला दिसावा आणि शेजारच्या बाईला दिसू नये. शून्य रुपयाचं तिकीट घेतलं, चार घड्या घालून पाकिटात ठेवलं, आणि मग शेजारणीला खणखणीत ‘जय महाराष्ट्र’ घातला. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“काय बघतोस? बस त्यांची, गाव आपलं. ह्यात काय चुकलं सांग की.”

काही चुकलेलं नाही. त्यांची धाकटी बहीण चंदगड तालुक्यात दिलेली आहे. तिला लाडकी बहीण म्हणून महिन्याला १५०० येतात आणि एसटीत अर्धं तिकीट. मावशींना कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीचे २०००, आणि बस फुकट. दोघींचा व्हिडिओ कॉल चालतो तेव्हा सीमाप्रश्नावर जी चर्चा होते, तिच्यापुढं दोन्ही विधानसभांनी हात टेकावेत. धाकटी म्हणते, एकवीसशे करतो म्हणालेत. थोरली म्हणते, ते झाल्यावर फोन कर, मग बघू महाराष्ट्रात यायचं काय ते.

तंत्रज्ञानानं राजकारण किती सोपं केलं, हे २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरनं दाखवून दिलं. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात छगन भुजबळांना बंदी मोडून बेळगावात यायला वेश पालटावा लागला होता. आता पुढाऱ्याला कशाला एवढा त्रास? जतची गावं आमची, अक्कलकोट आमचं, असं बेंगळुरातून म्हटलं गेलं. मुंबईतून उत्तर गेलं. ट्विटरवर रान पेटलं. महाराष्ट्राचे दोन समन्वय मंत्री बेळगावला येणार, येणार, असं ठरलं आणि मग आले नाहीत. (हे लक्षात ठेवा. ‘येणार’ हा स्टेटस ‘आले’ पेक्षा केव्हाही जास्त दिवस टिकतो.) मंत्री आले नाहीत, पण ट्रक आले होते. त्यांच्या नंबरप्लेटवर एमएच होतं, म्हणून हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ त्यांच्यावर दगड पडले. बस बंद झाल्या. मग १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्री गृहमंत्र्यांसमोर बसले आणि बाहेर येऊन सांगण्यात आलं की मोठ्या नेत्यांच्या नावानं खोटी ट्विटर खाती काढून कुणीतरी भावना भडकवल्या. छान झालं. खाती खोटी निघाली, आता फुटलेल्या काचाही खोट्या ठरवल्या की हिशेब पुरा. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, तेही एकमतानं. इतकं एकमत आपल्या भावकीत असतं तर आणखी काय पाहिजे होतं?

एकटेपणा वाटला तर फोनमधल्या त्या नव्या हुशार यंत्राला विचारा, ‘बेळगाव कुणाचं?’ ते नम्रपणे म्हणेल की विषय गुंतागुंतीचा आहे, दोन्ही बाजूंच्या भावना समजून घेतल्या पाहिजेत आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. वाचून तुम्हाला वाटेल, हे आपण कुठंतरी ऐकलंय. ऐकलंय की. निवडणूक झाल्यावर दर वेळी ऐकतो. यंत्राला उमेदवारी द्यायला माझी हरकत नाही, निदान ते फोन उचलतं.

हे सगळं नीट पाळलंत तर आशेला धोका उरतो तो एकाच गोष्टीचा: शेजारी. त्याच्यापासून फार जपून राहावं. उदाहरणच देतो. समजा तुमच्या शेताचा उतारा काढायचा आहे. नाडकचेरीतून तो मिळतो कन्नडमध्ये. मराठीत कागद मिळावेत ही आपली मागणी जुनी आहे आणि रास्त आहे, पण वारसाची नोंद लावायची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी फोनचा कॅमेरा त्या कागदावर धरा, यंत्र जे सांगेल ते खरं माना. पण तुम्हाला दम निघत नाही. तुम्ही कागद घेऊन समोरच्या घरी जाता, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांकडे. दारातच त्यांच्या सौ. विचारतात, “ऊटा आत्री?” जेवण झालेलं असलं तरी हो म्हणून सुटका होत नाही. मास्तर चष्मा पुसतात, कागद ट्यूबलाइटखाली धरतात, बोट ओळीवरून सरकत जातं. सर्व्हे नंबर बरोबर. एकर बरोबर, गुंठे बरोबर. मग बोट थांबतं.

“ह्यात तुमच्या धाकट्या आत्याचं नाव राहिलंय की हो.”

झालं. यंत्राला आत्या ठाऊक नसते. मास्तरांना ठाऊक असते, कारण तिच्या लग्नात पंगतीत भात वाढायला ते होते. मग आत्याला फोन, मग तिच्या मुलाला फोन, मग चहा, मग मास्तर आपला फोन पुढं करतात: बँकेचा ओटीपी येतो म्हणतात, तो येतो कुठं ते त्यांना सापडत नाही. तो तुम्ही शोधून देता. त्यांच्या नातवानं कुठलासा गेम घातलाय तो काढून टाकता. घरी येईपर्यंत साडेनऊ वाजलेले असतात आणि ग्रुपवरचे सगळे मेसेज वाचायचे राहिलेले. अशा दोन-तीन संध्याकाळी लागोपाठ घडल्या तर माणूस लढ्यातून कायमचा उठतो.

तरी याला एक उतारा आहे, आणि तो मास्तरांनीच सांभाळलाय. १ नोव्हेंबरला त्यांच्या स्कूटरला लाल-पिवळा झेंडा असतो आणि तुमचा डीपी काळा. त्या दिवशी दोघांनी एकमेकांकडं बघायचं नाही. ते गेट उघडत असतील तर तुम्ही नळाशी वाका. दोन तारखेला सकाळी पाणी आलं की नाही, हे नेहमीसारखं विचारायला हरकत नाही.

राहता राहिली निवडणूक. एकेकाळी सीमाभागातून समितीचे आमदार हमखास जायचे. २०१८ ला एकही गेला नाही, २०२३ ला एकही गेला नाही. कारणं शोधत बसू नका, सापडतील. एकाच मतदारसंघात दोन-दोन समित्या, दोन-दोन उमेदवार, आणि दोघेही मूळचे, खरे, अधिकृत. त्यापेक्षा २०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक आठवा. समितीच्या तरुण उमेदवाराला लाखावर मतं पडली. तो हरला, पण लाखाचा आकडा स्टेटसला महिनाभर ठेवता आला. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या, तो आकडा ठेवायची काही गरज नाही. मत टाकून आलात की शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाका. बोटानं कुठलं बटण दाबलं, हे ग्रुपवर कुणी कुणाला विचारत नाही. रस्ता, नाला, पोराची नोकरी, जात, जावई, दोन हजार रुपये, सगळं त्या बोटात असतं, आणि शाई सगळ्यांची सारखीच दिसते.

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठला ग्रुपवर गुलाल उधळायला सुरुवात करा. पहिल्या फेरीला ‘आघाडी’ लिहा, कुणाची ते लिहू नका. दुसऱ्या फेरीला ‘अजून ग्रामीण भाग यायचाय’. अकराच्या सुमाराला ग्रामीण भागही येतो. मग ॲडमिन ग्रुपची सेटिंग बदलतो आणि खाली अक्षरं येतात, आता फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात. त्यानं काय पाठवावं हे त्यालाही कळत नसतं, म्हणून तो दर निवडणुकीला त्या दिवशी फोन घरी ठेवून पोराबाळांना घेऊन आंबोलीला जातो.