र चा पाय मोडताना

आमच्या मुलांना संगणक शिकवण्यात पहिली अडचण अशी की, त्यांना मोबाइल येतो. मॉनिटर उजळला रे उजळला की चार-पाच बोटं काचेवर फिरायला लागतात. काहीच सरकत नाही. मग बोट जिभेला लावून पुन्हा प्रयत्न. शेवटी तज्ज्ञांचा निकाल लागतो : "बाई, ह्याचा टच गेलाय."

शाळा सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे. मुलं तेवीस, माउस एक. गावाने लोकवर्गणी काढून संगणक दिला, त्यामुळे त्याच्यावर गावाचं लक्ष असतं. 2020 साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम आणि दहा लाख डॉलर बक्षीस, एवढं गावाच्या पक्कं लक्षात आहे. त्यातली निम्मी रक्कम गुरुजींनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली, हे मी सांगते तेव्हा मात्र कुणाचं लक्ष नसतं. "तुम्ही पण करा की दोन-चार कोड," पारावरून सूचना येते. "वेळ मिळंल तसं."

वेळ. संगणकाचा तास आणि गावातली लाइट यांची पत्रिका कधी जुळली नाही. लाइट येते ती परिपाठाला, जाते ती तासाला. इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी सध्या ग्रामपंचायतीच्या माइकला जोडलेली आहे. 'सध्या' म्हणजे गेल्या गणपतीपासून.

माउसचंही शास्त्र आहे. एक पोरगा तो सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला पोचला आणि पुढं जमीन संपली म्हणून तिथंच थांबला. उचलून अलीकडं ठेव, बाण जागचा हलणार नाही, असं मी सांगितलं, तर हात लावायला तयार होईना. डबल क्लिकचं म्हणाल तर पहिल्या क्लिकनंतर तो माझ्याकडे बघतो, मी मान हलवते, मग दुसरी. यंत्राला हा संवाद कळत नाही.

खरी मजा टायपिंगला. आम्ही इनस्क्रिप्ट शिकवतो. सरकारने 1980च्या दशकात ठरवलेली ही कीबोर्डची रचना आहे शहाणपणाची : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. क तर इंग्रजी 'के'च्याच कळीवर. पण पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या अलीकडे उभी, इथं मात्र अक्षर आधी आणि वेलांटी मागून. रफाराचं त्याच्या उलट. 'सूर्य' लिहिताना रफार सगळ्यांत शेवटी डोक्यावर चढवायचा, हे पोरांच्या हाताला आत्ता कुठं वळण लागलेलं. संगणकाला र आधी हवा, मग त्याचा पाय मोडायचा, मग य. पाय मोडायची कळ 'डी'ची. ती सापडल्यापासून वर्गात नुसती मोडतोड. "बाई, ह्यानं र चा पाय मोडला आन् य आणलाच न्हाई!" ही तक्रार व्हरांड्यातून ऐकणाऱ्या एका पालकाने आत धाव घेतली होती.

त्यात खंडेनवमी आली. शस्त्रं-अवजारांच्या पूजेत संगणकही बसला. झेंडूचा हार मॉनिटरला, हळदकुंकू मात्र श्रद्धेने थेट कीबोर्डात. 'एम'ची कळ जी बसली ती उठलीच नाही. आता इनस्क्रिप्टमध्ये तिथं असतो स, आणि शिफ्ट दाबलं की श. म्हणजे आमचा संगणक 'शाळा' लिहू शकत नाही. 'संगणक'ही नाही. सरपंचांचं अभिनंदनपत्र मुलांनी हौसेने टाइप केलं, ते 'रपंच' झाले. दुरुस्तीला तालुक्याला न्यायचं तर पैसे कोणत्या खात्यातून, हे सांगणारं परिपत्रक अजून यायचंय.

म्हणून मी स्क्रॅचकडे वळले. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 साली मुलांसाठी आणलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा. एकदा संगणकात टाकली की इंटरनेट लागत नाही. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं नारिंगी मांजर सांगू ते करतं. म्याऊही करतं. एक ठोकळा 'कायम'चा आहे. त्याच्या पोटात जे घालाल ते थांबवेपर्यंत चालू राहतं. चौथीतल्या एका मुलीने त्यात म्याऊ घातलं, स्पीकर पूर्ण मोठा केला आणि नेमका माउस अडकला. आणि शेजारच्या खोलीत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक.

"मांजर व्यालंय का काय?" अध्यक्ष.

"दूध मागतंय," एक सदस्य.

"बाई, वरडायला शिकवलंत, गप करायला बी शिकवा."

मी बटण बंद करायला धावले, तर ती मुलगी आडवी. "बाई, बंद नका करू, माझं जाईल!" आजवर आमची लाइट अशा वेळी हटकून गेलेली आहे. त्या दिवशी ती ठाम राहिली. शेवटी मुलीने माउस उलटा करून फुंकर मारली, लाल अष्टकोनावर क्लिक करून मांजर गप केलं, 'कायम'चा ठोकळा काढून दहा वेळांचा लावला आणि समितीपुढे येऊन तसं सांगितलं. दहा चालतील का, यावर चर्चा झाली. एका सदस्याला पाचच हवे होते. चहा आल्यावर त्याने आग्रह सोडला.

डिजिटल शाळेचं इतिवृत्त हाताने लिहायचं नाही, असा अध्यक्षांचा दंडक आहे. तेव्हा ते मी त्याच संगणकावर टाइप करून, प्रिंट काढून रजिस्टरला चिकटवलं : "ठराव क्र. 4 : मांजर दहाच वेळा ओरडेल. र्वानुमते मंजूर."